गणेशवेलीच्या सात दोऱ्या

“बाई, मला दोरी पायजे.”

किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवता अडकवता माझा हात तिथंच थांबला. तुरुंगाच्या महिला विभागात कुणी साबण मागतं, कुणी तंबाखू मागतं, कुणी उगाच किती वाजले म्हणून विचारतं. दोरी आजवर कुणी मागितली नव्हती. नवी बाई आत आली की आम्ही तिच्या परकराची नाडीसुद्धा ओढून तपासतो. दोरी कुठली मिळायला!

“दोरी कशाला गं, हौसा?”

“या की, दावते.”

ती मला बराकीच्या मागं घेऊन गेली. तिथं कपडे धुण्याचा हौद होता आणि हौदाचं सांडपाणी भिंतीच्या कडेनं वाहायचं. त्या ओल्या मातीत एका ओळीत सात रोपं उभी होती. वीतभर उंच, बडीशेपेच्या पानांसारखी बारीक कातरलेली पानं, आणि प्रत्येकाचा शेंडा हवेत डोलत काहीतरी शोधत होता. आधार न मिळाल्यानं दोन रोपं एकमेकींनाच वेढे घालून बसली होती.

रोपांपुढं हौसाची गोदी उभी होती. बोट दाखवून ती मोजत होती. “एक, दोन, तीन... सात. सगळे हजर!”

गोदीला मोजणीचाच खेळ यायचा. दिवसातून दोनदा आम्ही बायकांना ओळीत बसवून मोजायचो, ते बघतच ती मोठी झाली होती. तिनं गाय पाहिली नव्हती, बाजार पाहिला नव्हता. दार म्हणजे बाहेरून लावायची वस्तू, असंच तिला ठाऊक.

त्या बिया मीच आणून दिल्या होत्या. आमच्या क्वार्टरच्या कुंपणावर दर वर्षी गणेशवेल आपोआप उगवायची, लालचुटुक चांदण्यांसारखी फुलं यायची आणि दिवाळीनंतर वाळून जायची. तिची वाळकी बोंडं हौसाला हवी होती. हौसानं त्या काळ्या बिया धुण्याच्या दगडावर एका बाजूनं घासल्या, रात्रभर थाळीत भिजवल्या आणि बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत मातीत खोचल्या. सहाव्या दिवशी गोदीनं मला हाताला धरून नेलं होतं. मातीतून दोन-दोन शिंगं फुटलेली पानं वर आली होती.

“फुलं कवा येतील?” गोदीनं विचारलं.

“भादव्यात,” हौसा म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, “तवर ती हितं पायजे.”

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या तुरुंगात शिपाईण म्हणून नऊ वर्षं झाली होती. माझं नाव वत्सला दुधमल. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. ही हकिगत मी कुणाला सांगितली नाही, माझ्या मालकांनाही पुरती नाही.

हौसा शेळकेला पाच वर्षांची शिक्षा होती. नवरा दारू पिऊन मारायचा. एका संध्याकाळी त्यानं तिला चुलीकडं ओढलं, तेव्हा हाताला लागला तो वरवंटा तिनं फेकला. तिसऱ्या दिवशी नवरा दवाखान्यातच वारला. कोर्टात ती एवढंच म्हणाली, “व्हय, म्या फेकला.” सासरच्यांनी पोरीला ठेवून घेतलं नाही, माहेरी आई वारलेली, भाऊ ऊसतोडीला. म्हणून अंगावरची गोदी तिच्याबरोबर आत आली.

आमच्याकडं लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवायचे, मग बालगृहात पाठवायचे. खरी अडचण तिथं होती. हौसा आत आली त्या दिवशी कारकुनानं गोदीचं वय विचारलं. हौसाला सन-तारीख येत नव्हती. पोर अंगानं भरलेली, दुडूदुडू चालणारी. कारकुनानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि लिहून टाकलं, जन्म पंधरा ऑगस्ट शहाऐंशी. त्या हिशोबानं येत्या पंधरा ऑगस्टला गोदीला सहा पूर्ण होत होती. आणि शिक्षेतली सूट धरूनही हौसा सुटणार होती पुढच्या जुलैत.

“वरीस जास्तीचं लावलंय वो तिला,” हौसा सांगत राहायची. “ज्या साली आमच्याकडं पयल्यांदा टँकर आला, त्या सालची हाय ती. दारात ही वेल फुललेली. आईनं सांडपाण्यावर जगवली हुती. त्याच आठवड्यात गोदी झाली. आत आले तवा तिला पुरतं दीड बी नव्हतं.”

तिचं खरं असेल तर गोदीला सहा पुढच्या सप्टेंबरात होणार होती. म्हणजे मायलेकी एकत्र बाहेर पडल्या असत्या. वर्षाच्या एका आकड्यावर सगळं अडलं होतं.

आमचे अधीक्षक घोणसीकर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिच्या सासरच्या ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, नोंद आढळत नाही. साहेबांनी हात टेकले. “माझ्याकडे कागद नाही, हौसाबाई. कागद असता तर मी एका दिवसात दुरुस्ती केली असती.”

दोरीचं म्हणाल तर मी ती दिली. धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवलेली सुतळी उसवून सात तुकडे केले आणि स्वतःच्या हातानं खिळ्यांना बांधले. साहेब महिला विभागात महिन्यातून एकदा यायचे, त्या दिवशी हौदावर ओली लुगडी वाळत घातली की भिंत दिसायची नाही. गोदी रोज सकाळी वेलींचे शेंडे दोरीवर चढवायला बसायची. कधी उलट्या बाजूनं गुंडाळायची, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर शेंडा सुटून मोकळा.

“त्याच्या त्याच्या बाजूनं जाऊ दे,” हौसा तिला सांगायची. “वढून नेऊ नगं. मोडंल.”

जुलै निम्मा सरला, वेली माझ्या खांद्याला आल्या आणि हौसाची झोप उडाली. एका दुपारी तिनं माझे पायच धरले.

“बाई, ती माहेरात झाली. सासरच्या पंचायतीत कशी सापडंल? आमच्या गावाला नर्सबाई यायची, तिनं टोचलं होतं पोरीला, वहीत लिवलं होतं. तुम्ही जाऊन बघा. दुसरं कोण हाय मला?”

“मला असं जाता येत नाही, हौसा. नोकरी जाईल.”

“तुमच्या सुट्टीच्या दिशी जावा. माणूस म्हणून जावा.”

मी गेले. सत्तावीस जुलैला, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दोन एसट्या बदलून आणि पुढं तासभर चालत. परत आले ती संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी हौसा दाराशीच उभी होती. गजांवर दोन्ही मुठी.

“वाळवीनं खाल्लंय रजिस्टर,” मी म्हणाले. “त्या सालची पानंच नाहीत.”

हौसानं गज सोडले. तिथंच खाली बसली. थोड्या वेळानं उठली, बादली भरली आणि वेलींना पाणी घालायला गेली. पावसाळ्याचे दिवस, माती आधीच भिजलेली. तरी ती घालत राहिली.

सतरा ऑगस्टला बालगृहाची गाडी आली. वेलींना कळ्या धरल्या होत्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या. फूल एकही नव्हतं. हौसानं गोदीला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. गोदीला वाटलं, आई पण येणार. फाटकापाशी हौसाला थांबवलं आणि गोदी माझ्या हातात दिली, तेव्हा पोरीला कळलं. तिनं जो टाहो फोडला तो मला आजही ऐकू येतो. तिनं माझ्या हाताचा चावा घेतला, खाली लोळण घेतली. मीच तिला उचलून गाडीत बसवलं.

हौसा ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, “गोदे, ह्या बाई तुझी मावशी हायती. त्या तुला भेटाया येतील.”

आणि मी गेलेही. पुढच्या सुट्टीला बालगृहात गेले, त्याच्या पुढच्याही. गोदीचं डोकं भादरलं होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, पण मला बघून पळत आली आणि माझ्या पदरात तोंड घालून बसली. मी तिला केळं सोलून दिलं. तिचे ते छोटे दात, माझ्या दंडाला घट्ट धरलेली बोटं. परतताना मी एसटीत रडत होते, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

आता ते सांगायलाच हवं.

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. तीन वर्षांपासून मी रोज सकाळी सहा वाजता गोदीचं तोंड बघत होते. ती माझ्या मांडीवर झोपायची, मला ‘किल्लीबाई’ म्हणायची. जूनमध्येच मी मालकांना म्हटलं होतं, ही पोर बालगृहात गेली की आपण मागून घेऊ. बालगृहात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, आईनं अंगठा दिला तर पुढचं सोपं आहे. मालक एसटी डेपोत सुतार होते. त्यांनी जुन्या फळ्यांचा एक छोटा पलंग केला, त्याला हिरवा रंग दिला. मी खिडकीला दोऱ्या बांधून कुंडीत गणेशवेल लावली, गोदीला ओळखीचं काहीतरी दिसावं म्हणून. जून-जुलैत, तिची आई माझे पाय धरत होती तेव्हा, माझ्या खिडकीत वेल चढत होती.

आणि त्या गावी वाळवीनं काहीही खाल्लं नव्हतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं कपाट उघडलं, वही काढली आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं. हौसा भ्रतार नारायण शेळके, मुलगी, बारा सप्टेंबर सत्त्याऐंशी. तिनं नक्कल लिहून दिली, शिक्का मारला, सही करून खाली तारीख घातली. मी तो कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. एसटी सुटेपर्यंत माझा विचार नेकीचा होता, हे मी शपथेवर सांगते. नंतर खिडकीपाशी बसल्यावर मला हिरवा पलंग दिसायला लागला. घरी आले आणि कागद ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूखाली ठेवला.

गोदी गेल्यावर हौसानं खाणं सोडलं नाही. ताटातलं सगळं खायची, सांगितलेलं काम करायची. वेलींकडं मात्र फिरकली नाही. ऑगस्टच्या शेवटी, गणपती बसेपर्यंत, भिंत लाल झाली. बाकीच्या बायका फुलं तोडून केसांत माळायच्या, दुपारपर्यंत ती मिटून जायची. हौसा पाठ फिरवून बसायची.

तीन सप्टेंबरला दुपारी मी शाईचं पॅड आणि तो अर्ज घेऊन तिच्याजवळ गेले.

“हे काय?”

“गोदीला मी घरी आणीन म्हणते. बालगृहात तिचे हाल आहेत. तुझा अंगठा लागतो.”

“तुमच्या घरी?”

“हो. चांगलं खाऊ-पिऊ घालीन. शाळेत घालीन.”

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा वाचायचं नव्हतं.

“आन् मी सुटल्यावर?”

“त्या वेळेचं त्या वेळी बघू, हौसा.”

बराच वेळ ती आपल्या अंगठ्याकडं बघत होती. मग स्वतःच पॅडवर दाबला आणि मी बोट ठेवलं तिथं टेकवला. पुसलासुद्धा नाही.

“पोटभर जेवू घाला तिला,” ती म्हणाली. “झोपंत लाथा मारती. तेवढं सोसा.”

संध्याकाळी मोजणीच्या आधी मी हौदाकडं बादली आणायला गेले. भिंत उघडी होती. नुसते खिळे. सातही वेली खाली मातीत ढीग होऊन पडल्या होत्या, फुलांसकट, कळ्यांसकट. कुणी ओढून तोडल्या नव्हत्या. एकेक वेढा सावकाश सोडवून खाली ठेवलेला दिसत होता. दोऱ्या कुठंच नव्हत्या.

मी पळाले. बायका ओळीत बसल्या होत्या. हौसा शेवटची, हात पोटाशी बांधून. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि न्हाणीच्या आडोशाला नेलं.

“काढ.”

ती हलली नाही.

“हौसा, काढ म्हणते ना!”

तिनं लुगड्याच्या निऱ्या सैल केल्या आणि कमरेला गुंडाळलेली सुतळी हळूहळू बाहेर काढली. सात दोऱ्यांची तिनं एक केली होती, वेणीसारखी गुंफलेली. ती माझ्या हातात ठेवत म्हणाली, “तुमचीच हाय. घ्या. तुमच्या डूटीवर करणार नव्हते. तुमच्या नोकरीचं वाईट व्हाया नगं.”

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. ती बाई मरायला निघाली होती आणि माझ्या नोकरीचा विचार करत होती.

दुसऱ्या शिपाईणीला मी सांगितलं, हिच्याजवळून हलू नकोस, एक क्षणही नको. तशीच घरी गेले. ट्रंक उघडली. मालक त्या हिरव्या पलंगाचे पाय फडक्यानं पुसत होते.

“काय शोधतेस?”

“गोदीच्या जन्माचा कागद. तिच्या आईला द्यायचाय.”

“म्हणजे तो सापडला होता?”

मी शालूखालून कागद काढला. ते हातातलं फडकं तसंच धरून त्या एवढ्याशा पलंगावर बसले. मी अंगठ्याचा अर्ज चुलीत घातला आणि बाहेर पडले.

घोणसीकर साहेब बंगल्याच्या ओट्यावर चहा घेत होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. मी उभीच होते.

“दुधमल, याच्यावर सत्तावीस जुलै आहे.”

“होय साहेब.”

“आज तीन सप्टेंबर.”

“होय साहेब.”

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्याकडं परत दिला. मग म्हणाले, “मुलीला परत आणायचा प्रस्ताव मी उद्या करतो. तुमच्यावर कारवाई केली तर हा कागदच संशयात येईल, म्हणून करत नाही. पण ज्या बाईचा हा कागद आहे, तिला वाचता येतं का?”

“नाही साहेब.”

“मग तुम्ही वाचून दाखवा. सगळा.”

त्याच संध्याकाळी मी वाचून दाखवला. नाव वाचलं, गाव वाचलं, बारा सप्टेंबर सत्त्याऐंशी वाचलं. सहीखालची तारीख वाचली नाही. म्हटलं, नर्सबाईला जुनी वही दुसऱ्या कपाटात सापडली. हौसानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. सतरा ऑगस्टला न रडलेलं सगळं ती तेव्हा रडली. मी तिला उठवूही शकले नाही.

साहेबांचा प्रस्ताव दोन कार्यालयांतून फिरला. एकवीस सप्टेंबरला गोदी परत आली. पस्तीस दिवस ती बाहेर होती. फाटकातून आत आल्यावर हौसा हात पसरून गुडघ्यांवर बसली. गोदी जागची हलली नाही. आईकडं नुसती बघत राहिली, आणि मग येऊन माझ्या पदराला धरून उभी राहिली. हौसाचे हात तसेच पसरलेले राहिले.

आईजवळ झोपायला तिला दोन महिने लागले. अंथरूण ओलं करायची, कुणी फाटक वाजवलं की हौदामागं जाऊन बसायची. मोजणीचा खेळ तिनं पुन्हा खेळला नाही. हौसा तिला जबरदस्ती करायची नाही, नुसती जवळ बसून राहायची. मी महिला विभागातून बदली मागितली, मिळाली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडं साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. एक मास्तरीणबाई रोज दुपारी पाटी-पेन्सिली घेऊन यायच्या. हौसा पहिल्या ओळीत बसायची, शेजारी गोदी. दोघी एकाच पाटीवर गिरवायच्या, आणि एकीचं चुकलं की दुसरी थुंकी लावून पुसायची. त्या पाटीवरच गोदी पुन्हा हसायला लागली.

त्र्याण्णवच्या जुलैत हौसा सुटली. फाटकाशेजारच्या खोलीत तिनं रजिस्टरात सही केली, अंगठा नाही. वळणदार नव्हती, पण स्वतःची होती. गोदी पायरीवर बसून नव्या चपलेचा पट्टा लावत होती.

मी म्हणाले, “जप हौसा. कुठं जाशील?”

“भावाकडं. मग बघू.”

तिनं पिशवीतून तो कागद काढला. घड्यांवर झिजलेला. उलगडला आणि शिक्क्याखाली बोट ठेवलं.

“सत्तावीस, सात, ब्याण्णव,” तिनं वाचलं. अडखळली नाही.

मी विचारलं, “कधी कळलं?”

“फेब्रुवारीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“किल्ल्या तुमच्याकडं हुत्या, बाई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, “माझ्या हातून झालं ते एका झटक्यात झालं. उचलला न् फेकला. पाच वरसं झोपताना त्येच आठवलं. तुमच्याकडं अडतीस दिस हुते.”

मग गोदीचा हात धरला आणि फाटकातल्या लहान दारातून वाकून दोघी बाहेर पडल्या. उजवीकडं वळल्या की डावीकडं, ते मी पाहिलं नाही. दार लावायचं काम माझंच होतं. मी ते लावलं.